बेळगावचा सायकियाट्री सराववर्ग: लाँग केससाठी जरूर जा

एमडी आणि डीएनबी सायकियाट्रीच्या (मनोविकारशास्त्रातल्या पदव्युत्तर परीक्षांच्या) प्रॅक्टिकलसाठी बेळगावात शनिवार-रविवारी भरणाऱ्या या वर्गाची खरी ताकद लाँग केसमध्ये, म्हणजे एका रुग्णाला सविस्तर तपासून परीक्षकांपुढे मांडण्यात आहे. रुग्णाची भूमिका करणारे चांगले तयार केलेले असतात. एक जण खानापूरकडचं मराठी बोलतो, दुसरा गोकाककडचं कन्नड. दुभाष्या मिळत नाही, आणि तेच योग्य. वॉर्डात नातेवाईक मध्ये पडला की तो रुग्णाचं तुटक बोलणं नीट जुळवून सांगतो आणि फॉर्मल थॉट डिसऑर्डर (विचारांची साखळी तुटणं) कागदावर येतच नाही.

आधी रुग्णाचे शब्द, मग संज्ञा, असा इथे आग्रह असतो. ‘शेजारी माझ्या डोक्यातले विचार काढून घेतात’ हे वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि त्याखाली थॉट विथड्रॉवल लिहायचं. नुसतं ‘डिल्यूजन’ (पक्का भ्रम) लिहिलंत की परीक्षक विचारणारच, ओव्हरव्हॅल्यूड आयडिया (मनात घट्ट बसलेली, पण भ्रमाइतकी अढळ नसलेली कल्पना) का नाही? खात्री किती पक्की आहे, दुसरं एखादं कारण पटतं का, हे रुग्णाला तेव्हाच विचारलेलं असावं लागतं. अमूर्त विचार तपासायला म्हणीचा अर्थ विचारतात, ती म्हणसुद्धा रुग्णाच्या भाषेतली घ्यायची: मराठीत ‘नाचता येईना अंगण वाकडे’, कन्नडमध्ये ‘कुणियलारदवळु नेल डोंकु’. चिक्कोडीच्या कन्नड शेतकऱ्याला मराठी म्हण कळली नाही म्हणून ‘काँक्रीट थिंकिंग’ (शब्दशः अर्थापलीकडे न जाणारा विचार) लिहिणं हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

व्हायवाची (तोंडी परीक्षेची) तयारीही चांगली. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये कलम ८९ चे रुग्णाला प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल ठेवण्याचे ३० दिवस आणि ९४ चे तातडीच्या उपचाराचे ७२ तास सगळ्यांना पाठ असतात. पण ९४ खाली तातडीच्या उपचारात ईसीटी (मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याचा उपचार) देता येत नाही, इथे बरेच घसरतात. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचंही तसंच. रक्तातली लेव्हल सांगता येते, पण रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं हे सुटतं. आधी घेतलं तर आकडा चढा येतो आणि डोस उगीच कमी केला जातो.

न्यूरोलॉजी मात्र घाईत उरकतात. लुरियाची मूठ-कडा-तळवा चाचणी (हाताच्या तीन स्थिती ओळीने करायला लावून मेंदूच्या पुढच्या भागाचं काम पाहणारी) फळ्यावर सांगून भागत नाही. आधी करून दाखवायची, मग रुग्णाला एकट्याने करू द्यायची. तोंडाने सूचना देत राहिलं की चाचणी वाया. कॅटाटोनियाचाही (हालचाल, बोलणं गोठून जाण्यासारख्या अवस्थेचा) अभिनय जमत नाही, त्यासाठी वॉर्डच हवा.

नाव नोंदवताना कन्नड केस शनिवारीच मागून घ्या. रविवारी दुपारनंतर चुका सविस्तर सांगायला वेळ उरत नाही.