नळाचं एरेटर: पाकिटावर ६० टक्के, मीटरवर ८

दोन महिने वापरून झाले म्हणून लिहितोय. किचनच्या आणि बेसिनच्या नळाला एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाला लावायची बारीक जाळी, बसवलं. प्लंबर लागला नाही, फक्त नळाचे आटे आतून आहेत की बाहेरून ते बघून घ्या आणि वॉशर नीट बसवा, नाहीतर कडेने गळतं. जाळीतून हवा मिसळते त्यामुळे धार भरलेली वाटते, हात धुताना फरक कळतच नाही.

पाकिटावर ६० टक्के बचत लिहिलंय. मी एक लिटरचा जग लावून मोबाईलवर टाइम घेतला, आधी ६ सेकंदात भरायचा आता १५ लागतात, म्हणजे मिनिटाला १० लिटरवरून ४ वर आलं, आकडा बरोबरच आहे. पण तो धारेचा आकडा आहे, घरातल्या पाण्याचा नाही! आम्ही चौघं, मीटर आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर लिहून ठेवला, तर दिवसाला सरासरी ५२० लिटरचे ४८० झाले. ४० लिटर. कारण बादली भरायची तर बादलीभर पाणी लागणारच, धार बारीक केली तर फक्त जास्त वेळ उभं राहायचं. फ्लश आणि वॉशिंग मशीनचा तर याच्याशी संबंधच नाही. बचत होते ती वाहत्या नळाखाली, भांडी विसळताना, हात धुताना, तेवढीच.

आता हे मुद्दाम सांगतोय कारण शहराचं किती पाणी वाचेल याचे हिशोब लोक पाकिटावरून करतात. १० लाख वस्तीचं शहर धरा, चौघांचं घर म्हणजे अडीच लाख घरं, प्रत्येकी ४० लिटर म्हणजे दिवसाला १ कोटी लिटर. हे सगळ्यांनी लावलं आणि टिकवलं तर. तिघात एकानेच लावलं तर ३३ लाखांच्या आसपास. शिवाय महापालिकेने त्याच भागात पाण्याचा दाब कमी केला तर एरेटरची बचत आपोआप घटते, कारण नळातून आधीच कमी येत असतं, मग दोन्ही आकडे सरळ बेरीज करून चालत नाही. आणि त्याच शहराला रोज १३ कोटी लिटर पुरवठा असेल आणि त्यातलं २० टक्के पाइपातून गळत असेल, तर नुसती निम्मी गळती थांबवली तरी १ कोटी ३० लाख लिटर, कोणाच्या घरात न शिरता. मला तरी आधी तेच व्हावं असं मनापासून वाटतं, पण आपल्या हातात आपला नळ आहे म्हणून एरेटरही लावाच.

तक्रार एकच, क्षाराचं पाणी असेल तर जाळी चोंदते, महिन्याने काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी लागते. आणि इन्स्टंट गॅस गीझरच्या नळाला लावू नका, धार कमी पडली की तो पेटतच नाही. पाचपैकी चार स्टार.