कन्फेशन की घरीच प्रार्थना?

मैत्रीण वसईची कॅथलिक, लग्न होऊन नगरच्या प्रोटेस्टंट घरात आली, आता विचारते पश्चात्ताप करायचा तर फादरकडे कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला जाऊ की सासरच्यांसारखं घरीच बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ वाचून थेट देवाशी बोलू.

लाज कन्फेशनला जास्त, पाप तोंडाने सांगावं लागतं ना, पण तिथेच स्वतःला फसवणं थांबतं, घरी नुसतं "चुकलं" म्हणून भागवता येतं. गुप्ततेचं टेन्शन नको, फादरने फोडलं तर चर्च त्यालाच बहिष्कृत करतं. टिकाऊपणा? कुणाचे पैसे खाल्ले असतील तर ते परत केल्याशिवाय दोन्ही कच्चंच, बायबलमधला जकातदार जक्कय तर चौपट देतो म्हणाला!

रोजच्या चिडचिडीला, बारीकसारीक खोट्याला घरची प्रार्थना पुरते. "क्षमा झाली" हे कानाने ऐकायचंय, तर फादर. आणि पाप गंभीर असेल तर कॅथलिकाला कन्फेशन चुकत नाही, सासर कुठलंही असो.