क्यूजीआयएसमधलं जिओटॅग फोटोंचं साधन: काम चोख, पण फोटो धड हवा

पुराच्या पाण्याच्या खुणा, पन्हाळ्याच्या तटाची पडझड, गटारींची तुटकी झाकणं. असले फोटो नकाशावर टाकायला कोल्हापुरात कुणी पैसे मोजत असेल तर थांबा. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आत जागेची नोंद असलेले (जिओटॅग) फोटो नकाशावर ठिपके म्हणून आणणारं 'इम्पोर्ट जिओटॅग्ड फोटोज' हे साधन 3.6 आवृत्तीपासून त्यातच मिळतं. वेगळं काही बसवावं लागत नाही. पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. पाचवा का कापला, ते पुढे येईलच.

प्रोसेसिंग टूलबॉक्स उघडा, 'व्हेक्टर क्रिएशन' गटात ते सापडेल. फोल्डर निवडा. आत गावनिहाय उपफोल्डर असतील तर 'स्कॅन रिकर्सिव्हली'वर खूण करा. खाली 'इनव्हॅलिड फोटोज टेबल' दिसेल. ते मुळात बंद असतं, ते चालू कराच. नाहीतर दोनशे फोटो दिले आणि ठिपके दीडशेच आले, तर उरलेले पन्नास कुठले हे शोधत बसावं लागतं.

फोटो गळण्याचं सर्वात मोठं कारण व्हॉट्सअ‍ॅप. तिथे फोटो म्हणून पाठवला की आतली जागेची नोंद पुसली जाते. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा सरळ केबल लावून मोबाइलमधून फाइली उतरवा. दुसरं कारण फसवं आहे. फोटोवर अक्षांश-रेखांश छापून देणारी अ‍ॅप सरकारी कामांत सर्रास वापरतात. ते आकडे म्हणजे नुसतं चित्र. आत एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमधल्या लपलेल्या माहितीत, नोंद नसेल तर क्यूजीआयएसला त्यातलं काही कळत नाही. तिसरं आयफोनचं: या साधनाच्या जुन्या आवृत्त्या फक्त जेपेगच वाचतात, त्यामुळे आयफोनच्या हेइक प्रकारच्या फाइली त्या बघतही नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवलं की प्रश्न मिटतो.

आणि काही फोटो नोंद असूनही भलतीकडेच जातात. जागा सापडली नाही तर काही अ‍ॅप शून्य-शून्य लिहून मोकळी होतात, मग रंकाळ्याचा फोटो आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्रात! असे ठिपके निवडून काढून टाका. महाद्वार रोड, गुजरीसारख्या दाटीच्या भागात भिंतींवरून परावर्तित झालेल्या सिग्नलमुळे ठिपका पलीकडच्या गल्लीत पडू शकतो. पंचगंगा घाटावर, मोकळ्यात, हा त्रास फारसा नाही. कॅमेरा उघडल्या उघडल्या काढलेल्या पहिल्या फोटोत बऱ्याचदा आधीच्याच ठिकाणाची जागा नोंदली जाते, म्हणून थोडं थांबून मगच बटण दाबावं.

आलेल्या लेयरमध्ये, म्हणजे ठिपक्यांच्या थरात, फोटोचा पत्ता (फाइल संगणकावर कुठे आहे ते), नाव, फोल्डर, उंची, दिशा, वेळ, अक्षांश, रेखांश असे रकाने मिळतात. दिशेचा रकाना फार कामाचा. चिन्हासाठी बाण निवडा, त्याच्या रोटेशनला (फिरवण्याच्या कोनाला) 'डायरेक्शन' हा रकाना जोडा, की फोटो कुठल्या बाजूला तोंड करून काढलाय ते नकाशावरच दिसतं. तटबंदीच्या कामात हे लाखमोलाचं. मोबाइलने दिशा नोंदवलीच नसेल तर मात्र रकाना रिकामा राहतो.

उंचीच्या रकान्यावर मात्र पूररेषा आखू नका. बरेच अँड्रॉइड फोन समुद्रसपाटीपासूनची नव्हे, तर जीपीएसच्या गणिती पृष्ठभागापासूनची उंची लिहितात, आणि आपल्या भागात या दोन्हींत पन्नास मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. शिवाय मोबाइलची उंचीतली चूकही काही मीटरची असते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, म्हणजे मधलं अंतर जेमतेम सव्वा मीटर. एवढा बारीक हिशेब या रकान्यातून निघणार नाही. फोटोतून खूण कुठे आहे तेवढं घ्या, तिची उंची लेव्हलिंग करूनच, म्हणजे सर्वेक्षणाच्या उपकरणाने मोजूनच घ्या.

लेयर तात्पुरता असतो, क्यूजीआयएस बंद केलं की गेला. जिओपॅकेज या फाइल प्रकारात साठवा. शेपफाइल हा जुना प्रकार नको, त्यात तारीख-वेळेचा रकाना धड राहत नाही. अंतरं मोजायची किंवा बफर (ठिपक्याभोवती ठरावीक अंतराचा घेर) काढायचा असेल तर साठवताना मीटरमध्ये मोजणारी यूटीएम 43 उत्तर ही नकाशा-पद्धत, म्हणजे ईपीएसजी क्रमांक 32643 निवडा. अख्खा कोल्हापूर जिल्हा याच पट्ट्यात बसतो.

आता कापलेला गुण. फोटोचा पत्ता संपूर्ण लिहिला जातो, अगदी ड्राइव्हच्या अक्षरापासून. फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या संगणकावर उघडा, एकही फोटो दिसणार नाही. उपाय असा: फोटोंचं फोल्डर प्रोजेक्टच्या फोल्डरातच ठेवा आणि फील्ड कॅल्क्युलेटरने (रकाने सूत्राने भरायच्या सोयीने) नवा रकाना करून त्यात फक्त तिथून पुढचा पत्ता भरा. 'फाइलनेम' रकान्यात शेवटचं डॉट जेपीजी नसतं, ते स्वतः जोडावं लागतं. नव्या रकान्याला फॉर्ममध्ये फाइल दाखवणारं 'अटॅचमेंट' विजेट द्या आणि पत्ता प्रोजेक्टच्या सापेक्ष ठेवा. एवढी सोय साधनातच असायला हवी होती.

चुकलेला ठिपका हाताने सरकवता येतो, पण अक्षांश-रेखांशाचे रकाने आपोआप बदलत नाहीत आणि मूळ फोटोतली नोंदही जुनीच राहते. रकाने पुन्हा गणून घ्या. फोटोतलीच नोंद बदलायची तर एक्झिफटूल हे वेगळं सॉफ्टवेअर वापरा. ठिपक्यावर क्लिक करून फोटो झटपट बघायचे असतील तर 'इम्पोर्टफोटोज' हे प्लगइन सुटसुटीत वाटेल.

अहवालासाठी प्रिंट लेआउटमधलं अ‍ॅटलस वापरा: चित्राच्या चौकटीला फोटोचा रकाना जोडला की प्रत्येक फोटोचं, नकाशासकट, एक पान तयार होतं. मोठ्या फाइलींनी हे काम रेंगाळतं, म्हणून फोटो आधी लहान करून घ्यावेत. मात्र लहान करणारं सॉफ्टवेअर जागेची नोंद पुसत नाही ना, हे एका फोटोवर तपासून मगच अख्ख्या फोल्डरला हात लावा, आणि मूळ फोटो वेगळे जपून ठेवा.