मेंदू-आरोग्याचं ‘पर्सनलाइज्ड’ पॅकेज: घ्यावं का?

मेंदूचं आरोग्य जपण्यासाठी ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या पॅकेजमध्ये साधारण चार गोष्टी येतात: जनुकीय चाचणी, रक्ततपासणी, स्मरणचाचणी आणि मोबाइलवरचे ‘ब्रेन गेम’. जाहिरात सगळी पहिलीची आणि उपयोग सगळ्यात कमी तिचाच. एपीओई जनुकाचा ई४ प्रकार असला की अल्झायमरचा धोका वाढतो, हे खरं. पण तो असून आजार न होणारे आणि नसताना होणारे दोन्ही पुष्कळ. अहवाल काहीही आला तरी निरोगी माणसाला पुढचा सल्ला तोच मिळतो.

रक्ततपासणी मात्र कामाची. बी१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) एवढं पुरे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं, म्हणून ते हमखास बघावं. पी-टाऊ २१७ ही अल्झायमरशी निगडित प्रथिन रक्तात मोजणारी महागडी चाचणी लक्षणं नसताना करू नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर तिचा आकडा तसाही वर जातो.

स्मरणचाचणी बहुधा ‘मोका’ असते, म्हणजे स्मरण आणि आकलन तपासणारी ३० गुणांची छोटी प्रश्नपत्रिका. तीच प्रश्नपत्रिका दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दिली की सरावानेच गुण वाढतात आणि तो आलेख ‘सुधारणा’ म्हणून दाखवला जातो. दुसऱ्या खेपेला वेगळा संच मागा, आणि तोही आपल्या भाषेतला. गेममधले गुणही बहुतेक त्या गेमपुरतेच वाढतात.

खरी उणीव पुढे आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले. त्यात ऐकू कमी येणं आणि वाढलेलं एलडीएल यांचा वाटा सर्वाधिक, डिमेन्शियाच्या एकूण रुग्णांपैकी प्रत्येकी ७ टक्के. तरी श्रवणचाचणी पॅकेजात क्वचितच असते. चालू औषधांची यादीही कुणी मागत नाही. अ‍ॅलर्जीवरच्या, झोप आणणाऱ्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनीसुद्धा विसरभोळेपणा येतो.

वाढलेला रक्तदाब हाही त्या १४ धोक्यांपैकी एक, पण तो तर एकदाच, घाईत मोजतात. घरी नीट मोजा: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. सकाळ-संध्याकाळ एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा जास्त येतो.

फिनलंडच्या ‘फिंगर’ अभ्यासात आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र, दोन वर्षं चाललं, तेव्हा विचारक्षमतेत फरक दिसला. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: अहवाल हातात दिल्यावर पुढच्या दोन वर्षांत पाठपुरावा कितीदा आणि कोण करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर वर सांगितलेली रक्ततपासणी आणि श्रवणचाचणी पॅकेजशिवाय वेगळी करून घ्या.