तांडेलासाठी घेतलेला सरल जीवन विमा: आमचा अनुभव

माझे यजमान हर्णै बंदरात मासेमारीच्या एका यांत्रिक बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. वय 42, गेली सहा वर्षं मधुमेह आणि तंबाखूची जुनी सवय. समुद्रावर जाणारा माणूस, त्यात साखर! अशा माणसाला परवडेल असा आयुर्विमा मिळतो का, हे शोधण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. शेवटी जुलै 2025 मध्ये पंधरा लाखांची सरल जीवन विमा पॉलिसी मिळाली. आमच्यासारखी बरीच घरं या किनाऱ्यावर आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सुरुवात एका मृत्यूने झाली. आमच्या आळीतला एक खलाशी घरी जेवून उठला आणि छातीत दुखून गेला. मासेमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत गट अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू झाला तर पाच लाख मिळतात आणि हप्ता सरकार भरतं. पण तो अपघाताचा विमा, आणि हा गेला हृदयविकाराने. त्याच्या बायकोला त्यातलं काहीच मिळालं नाही. आम्हा सगळ्यांना समुद्राचीच भीती. 2009 च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ इथे कोणी विसरलेलं नाही. घरातल्या अंथरुणावर येणाऱ्या मरणासाठी आपण काहीच तजवीज केलेली नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात बँकेत जाऊन सरकारच्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा फॉर्म भरला. वर्षाला 436 रुपये, वैद्यकीय तपासणी नाही, व्यवसायाचा प्रश्न नाही, मृत्यू कोणत्याही कारणाने आला तरी दोन लाख. नव्याने भरलं की पहिले तीस दिवस फक्त अपघाती मृत्यूला पैसे मिळतात, एवढीच अट. साखर असलेल्या माणसाने सगळ्यात आधी हेच करावं असं माझं ठाम मत आहे. पण आमची दोन मुलं शिकतायत आणि बोटीतल्या आमच्या भागीचं कर्ज आहे. दोन लाखांत ते निभणार नाही.

मग एक एजंट घरी आला. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याने फॉर्म स्वतःच भरला आणि फक्त सह्या मागितल्या. मी वाचायला घेतला, तर व्यवसाय ‘शेती’, मधुमेह ‘नाही’, तंबाखू ‘नाही’. मी विचारलं तर म्हणाला, ‘वहिनी, खरं लिहिलंत तर मिळणारच नाही. तीन वर्षं जाऊ देत, मग कंपनीला काही विचारताच येत नाही.’ त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षं झाल्यावर कंपनी पॉलिसीवर आक्षेप घेऊ शकत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत काही झालं तर? औषधांच्या चिठ्ठ्या सरकारी दवाखान्यात नोंदलेल्या आहेत. दावा फेटाळला गेला तर तो एजंट माझ्या दारात उभा राहणार होता का? मी फॉर्म परत दिला.

दुसऱ्या कंपनीकडे सगळं खरं लिहून अर्ज केला. त्यांनी रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी 8.9 निघाली. पत्र आलं की सहा महिने अर्ज पुढे ढकलला आहे. त्या रात्री मी रडले, हे खरं आहे. पण आज वाटतं, त्या पत्रानेच आम्हाला जागं केलं. पाच-सहा दिवसांच्या फेरीत हे गोळ्या घेतच नसत. पिशवी भिजायची, नाहीतर जाळं ओढायच्या गडबडीत वेळ टळून जायची. मी एक घट्ट झाकणाचा डबा घेतला, त्यात वारांप्रमाणे पुड्या बांधल्या आणि बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या पोराला सांगून ठेवलं की तांडेलांच्या ताटाआधी डबा पुढे करायचा. रात्रीच्या भाताचं प्रमाण निम्म्यावर आणलं. जुलैत एचबीएवनसी 7.4 आली.

खरी मदत झाली ती दापोलीच्या एका विमा सल्लागार ताईंची. पहिल्याच भेटीत त्यांनी दोन तास दिले. मोठ्या रकमेच्या टर्म प्लॅनमागे (ठरलेल्या मुदतीत मृत्यू आला तरच पैसे देणारा विमा) न लागता सरल जीवन विमा बघा, हे त्यांनीच सुचवलं. विमा नियामकाने ठरवून दिलेली ही योजना 1 जानेवारी 2021 पासून आहे. पाच लाखांपासून पंचवीस लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. अटी सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच, फक्त हप्ता ज्याचा त्याचा वेगळा. आमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, प्रवास किंवा शिक्षण यांचं कोणतंही बंधन या योजनेला नाही. पहिल्या वर्षातली आत्महत्या सोडली तर दुसरा कोणताही अपवाद नाही. म्हणजे मासेमारी करताना बोटीवर मृत्यू आला तरी पैसे मिळतात. सुरुवातीचे 45 दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. दुसऱ्या कारणाने मृत्यू आला तर भरलेला हप्ता तेवढा परत मिळतो.

ताईंनी तेवढ्यावर थांबू दिलं नाही. मी कधी तोंडातून काढला नव्हता तो प्रश्न त्यांनी स्वतःहून घेतला: माणूस समुद्रात हरवला आणि सापडलाच नाही तर? कायद्याने सात वर्षं काही बातमी नसेल तरच मृत्यू गृहीत धरला जातो, आणि तोवर पॉलिसी जिवंत ठेवायची तर हप्ते चालू ठेवावे लागतात. ऐकताना अंगावर काटा आला. पण तांडेलाच्या बायकोला हे आधी माहीत असायला हवं. तेव्हापासून दोन वर्षांच्या हप्त्याएवढी रक्कम मी वेगळ्या खात्यात हळूहळू साठवते आहे.

बोटीच्या कर्जाचं कळल्यावर त्यांनी पॉलिसी 1874 च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्यायला लावली. असं केलं की ती रक्कम बायको-मुलांसाठी राखीव राहते आणि नवऱ्याला कर्ज देणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही. मात्र हे अर्ज करतानाच सांगावं लागतं, मागाहून होत नाही. आमच्या बंदरात बहुतेकांच्या डोक्यावर बोटीचं कर्ज आहे आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

फॉर्म आम्ही तिघांनी बसून भरला. तंबाखू किती, कधीपासून, कोणत्या गोळ्या, आधीच्या कंपनीने अर्ज ढकलल्याचं पत्र, सगळं जोडलं. तंबाखू लपवून उपयोगही नसतो, लघवीच्या तपासणीत निकोटीनचा अंश सापडतो. तपासण्या चिपळूणला झाल्या, खर्च कंपनीचा. पावसाळी मासेमारीबंदीत, 1 जून ते 31 जुलैच्या मधे, बोटी आंजर्ल्याच्या खाडीत असतात आणि माणसं घरात. तेव्हाच अर्ज करा. हंगामात तपासणीची तारीख पाळणं आमच्या लोकांना शक्यच होत नाही.

आता हप्ता. तंबाखू धरून, साखर नसती तर सहामाही 4,600 रुपये होता. मधुमेहामुळे त्यावर निम्मा जादा लावून 6,900 झाला. याला ते ‘लोडिंग’ म्हणतात. कंपनीने आधी नव्या आकड्याचं पत्र पाठवलं, आम्ही मान्य केलं, मग पॉलिसी निघाली. पहिल्या हप्त्यावर 1,242 रुपये जीएसटी गेला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी उठला, त्यामुळे जानेवारीत 6,900 च भरले. वर्षाला 13,800 रुपये आम्हाला जड जातात, तरी झेपतात. निरोगी माणसाला बाजारात याहून स्वस्त विमा मिळतो हे मला माहीत आहे. पण हा हप्ता खऱ्या माहितीवर ठरला आहे, आणि या रकमेवर माझी मुलं निर्धास्त अवलंबून राहू शकतात. मला ते महत्त्वाचं वाटतं.

सेवेत उणिवा आहेत, त्याही सांगते. पडताळणीचा फोन हिंदीतून आला. ह्यांना अर्धे प्रश्न कळले नाहीत आणि ते घाबरून ‘हो, हो’ म्हणत गेले. मी फोन घेऊन पुन्हा मराठीतून करायला सांगितलं, तो चार दिवसांनी आला. पॉलिसीचं जाडजूड पुस्तक सगळं इंग्रजीत. ज्या किनाऱ्यावर सातवी-आठवी शिकलेली माणसं कष्टाने हप्ता भरतात, तिथे निदान चार पानं मराठीत छापायला हवीत. याचा मला खरोखर राग आहे. पुस्तकाला जोडलेली अर्जाची प्रत मी मुलीकडून ओळीओळीने वाचून घेतली, तर लाभार्थींमध्ये मुलाचं नाव चुकलेलं. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत न पटल्यास ती परत करता येते. त्या मुदतीत ताईंनी दुरुस्तीचं पत्र आणून दिलं. तुमच्याकडे पुस्तक आलं की कपाटात ठेवण्याआधी ती प्रत वाचाच.

उत्पन्नाच्या पुराव्यावरही अडलं होतं. तांडेलाला पगार नसतो, वाटा मिळतो, तोही बहुधा रोख. मासळीच्या लिलावाचे पैसे मी दोन वर्षांपासून बँकेतून फिरवत होते, म्हणून खात्याचा उतारा तरी दाखवता आला. तो नसता तर पंधरा लाख मिळाले नसते, असं ताई म्हणाल्या.

पाचातले चार तारे देते. एक मराठीसाठी कापला आहे. ताईंना पाचच्या पाच.

आता बंदी आली की आळीतल्या बायका माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. गेल्या खेपेला जीवन ज्योतीचे तीन भरून दिले. त्यातला एक माझ्या मोठ्या दिरांचा. त्यात शिरायची वयोमर्यादा पन्नास आहे आणि त्यांची पन्नाशी उलटायला दोन महिने उरले होते.