देवबागच्या खाडीत दोन दिवस : एका उजनीवाल्याचा अनुभव

मी इंदापूरचा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि सुट्टी मिळाली की उजनी धरणाचं बॅकवॉटर. बावीस वर्षं तिथे गळ टाकतोय. चिलापी, कटला, रोहू, पाणी उतरलं की मरळ. कुठल्या बाभळीच्या खोडाशी काय बसतं हे मला अंधारातही सांगता येईल. भाचा कुडाळला नोकरीला लागला आणि म्हणाला, "मामा, एकदा खाडीत टाकून बघ." डिसेंबरमध्ये फोंडा घाट उतरून गेलो. त्याच्या ओळखीचे एक होडीवाले काका देवबागला कर्ली खाडीत गरवायला नेतात, शिकवतातही. गळाने मासे धरण्याला तिकडे गरवणं म्हणतात. दोन दिवसांचे, दोघांचे मिळून आम्ही सहा हजार दिले. गोड्या पाण्यातून कुणी खाडीकडे वळणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. पर्यटकांच्या होड्या तिकडेच पळतात. काका नेतात ते उलट दिशेला, खाडीत आत, कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, कडेने. ही त्यांची पहिली गोष्ट मला आवडली.

पहिल्या दिवशी मी सकाळी नऊलाच दांडी जोडून तयार. काका जेटीवर बसून होते. म्हणाले, "मिस्त्रीनू, पाणी थांबलाहा. आता गरी टाकून उपेग नाय. चाय घेवा." मला ते पटेना. उजनीत पाणी थांबलेलंच असतं. तिथे आपण जागा धरतो, चारा टाकतो आणि मासा येईपर्यंत बसतो. मी हट्टाने तासभर टाकत राहिलो. वीतभर शेंगटी सोडली तर काही नाही, आणि तिचाही काटा बोटात जाता जाता वाचला. शेंगटीच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. आपल्याकडचा शिंगाडा हाताळायची सवय असेल तरी इथे पक्कड वापरा.

मग काकांनी हिशेब समजावला, आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणकडे भरती जरा आधी लागते, म्हणून काका त्यातून थोडं कमी करतात. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी मरगळलेलं. आम्ही गेलो ती षष्ठी होती. सहा पाऊणे साडेचार, त्यातून थोडं कमी, म्हणजे भरती दुपारी पावणेचारच्या आसपास, आणि मी नऊला टाकत होतो तेव्हा सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, शेवटचं पाणी. काका कॅलेंडरवर फक्त तिथी बघतात, तारीख बघतच नाहीत. भाच्याच्या मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक होतं, ते आणि काकांचा हिशेब यांत वीसेक मिनिटांचाच फरक निघाला.

पाणी चढायला लागलं की मासा कांदळाच्या मुळांत शिरतो, खेकड्याची पिल्लं आणि कोळंबी खायला. उतरायला लागलं की तोच मासा व्हाळाच्या, म्हणजे खाडीला मिळणाऱ्या ओढ्याच्या, तोंडाशी येऊन थांबतो, कारण आतलं सगळं खाणं पाण्याबरोबर तिथूनच बाहेर वाहत येतं. एवढं कळलं आणि खाडी मला वाचता यायला लागली.

आमिषाचं सांगतो. कणकेचा गोळा, पेंड, गांडूळ, माझं सगळं पिशवीतच राहिलं. काकांनी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकून जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरली, खाडीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवली आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदललं. सुंगटाच्या डोक्यात आरपार एक काळा ठिपका दिसतो. तो चुकवून, शिंगाच्या खालून गळ घातला की ते बराच वेळ जिवंत राहून पाय मारत राहतं. ठिपक्याला टोचलं की मेलंच. माझी चार गेली, पाचव्याला हात बसला. वजनही बदलावं लागतं. उजनीत मी पंधरा ग्रॅमवर भागवतो. इथे पाणी ओढायला लागल्यावर चाळीस ग्रॅम शिसं लावलं तेव्हा कुठे ते तळाला थांबलं.

त्या दुपारी एकच खरा झटका आला, आणि तो मी घालवला. कटला लागला की आपण त्याला पळू देतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, सैल, दोरी सुटू द्यायची, दमला की ओढायचं. बावीस वर्षांची सवय. तांबोशी नावाचा मासा लागला, मी दोरी सोडली आणि तीन सेकंदांत तो मुळांच्या जाळीत. दोरी घासून तुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोरी सोडू नकात. तो घराकच पळता." मग त्यांनी माझा ड्रॅग हाताने आवळून दाखवला, दांडी कांदळाच्या उलट बाजूला आडवी धरायला लावली आणि स्वतः दोरी धरून माशासारखे झटके देत राहिले, मी तोल सांभाळत राहिलो. अर्धा तास. असं शिकवणारा माणूस मला माझ्या धंद्यातही एकच भेटला, माझा उस्ताद.

दुसऱ्या दिवशी सप्तमी. भरती साडेचारच्या सुमाराला भरली, आणि आम्ही पावणेसहाला एका व्हाळाच्या तोंडाशी होडी लावली. काका नांगर टाकतात, कांदळाच्या फांदीला दोर बांधत नाहीत, तीही नोंद करतो. पाणी उतरताना सुंगट सोडलं. झटका आला तेव्हा मी काहीच सोडलं नाही. खांदा भरून आला, दांडी होडीच्या काठावर टेकली, पण तो मुळांकडे एक हातसुद्धा गेला नाही. दीड किलोची तांबोशी. तांबूस अंग, पुढे सुळे, होडीत आल्यावरही जबडा वाजवत होती. मी बराच वेळ नुसता तिच्याकडे बघत बसलो. त्याआधी लागलेल्या दोन वीतभर तांबोश्या काकांनी परत सोडल्या होत्या. ही पिल्लं खाडीत वाढतात आणि मोठी झाली की बाहेर समुद्रातल्या खडकांवर जातात. खाडीतच संपवली तर बाहेर जाणार कोण, असं त्यांचं म्हणणं.

चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, मिळाला नाही. त्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, म्हणून गळाजवळ शेवटचा हातभर जाड लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, लावायलाच हवा, हे मात्र शिकलो.

आता तक्रारी. काकांकडच्या भाड्याच्या दांड्या घेऊ नका. एका रिळाची बेल, म्हणजे दोरी धरणारी तार, पडतच नव्हती, गाइडच्या कड्यांना गंज होता आणि त्यावर ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, घासून कुसळासारखी फुलत होती. लाइफ जॅकेट मागितल्यावर निघाली, आणि दोनांपैकी एकाची क्लिप तुटलेली. खाडीला ओढ असते, तेव्हा हे चालण्यासारखं नाही. मी तसं तोंडावर सांगितलं, दुसऱ्या दिवशी नवी क्लिप लावलेली होती. होडीवर सावली नाही. टोपी आणि पाणी आपलं आपण न्या.

स्वतःचं रीळ न्याल तर एक कळकळीची सूचना. खारवट विहिरीवरची मोटार उघडली की बेअरिंगची काय अवस्था झालेली असते ते मी रोज बघतो. पहिल्या रात्री दमून मी रीळ तसंच ठेवलं. सकाळी हँडल खरखरत होतं आणि स्पूलच्या कडेला पांढरी पूड आली होती. खाडीतून आल्याबरोबर ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही, मग गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. नळी जोरात मारू नका, मीठ आत ढकललं जातं. पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. घरी आल्यावर मी रीळ पूर्ण खोललं, एक बेअरिंग बदललं, बाकीच्यांना नवं ग्रीस भरलं. साधे गळ तर दोन दिवसांत तांबूस झाले, ते टाकून दिले. पुढच्या वेळी टिनचा मुलामा दिलेले नेणार.

राहण्याची सोय काकांच्या शेजारच्या घरी झाली, स्वच्छ. त्या वहिनींनी तांबोशीचं तिखलं केलं, सोबत उकड्या तांदळाची पेज. भाचा तीन वाट्या प्यायला.

पुढची खेप फोनवर ठरवताना मी रविवार मागितला नाही, तिथी मागितली. काकांनी माघातली तृतीया दिली, संध्याकाळच्या सुकतीला व्हाळाच्या तोंडाशी. त्या दिवशी बुधवार येतोय. दुकान बंद ठेवणार आहे.