निराधार अनुदान की निरामय विमा?

घरात दिव्यांग मूल असेल तर मुंबईत ही दोन नावं हमखास कानावर येतात.

संजय गांधी निराधार योजनेत रोख रक्कम थेट बँक खात्यात येते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती दरमहा २,५०० रुपये झाली. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवं. खरी अडचण कौटुंबिक उत्पन्नाची: मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये. धारावीतल्या खोलीचं भाडंही त्याहून जास्त असू शकतं! त्यामुळे दोन वेळची भ्रांत असलेली कित्येक घरंसुद्धा कागदावर 'श्रीमंत' ठरतात.

निरामय या नॅशनल ट्रस्टच्या (केंद्र सरकारच्या संस्थेच्या) आरोग्य विम्याला उत्पन्नाची अट नाही; दारिद्र्यरेषेखालच्यांना फक्त नोंदणी शुल्क कमी. वर्षाला एक लाखापर्यंतच्या संरक्षणात ओपीडी आणि थेरपीही येते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. पण ती फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी. शिवाय पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवायची.

दर आठवड्याला फिजिओथेरपी चालू असेल तर मी आधी निरामय काढेन. उत्पन्नाचा दाखला मिळत असेल तर निराधारचाही अर्ज करावा. नोकरी सोडून मुलाजवळ बसलेल्या आईच्या बुडालेल्या पगाराचा हिशेब मात्र दोन्हींत कुठेच नाही.